डोंबिवलीतले पहिले बिऱ्हाड

मुंबईतली नोकरी सांभाळून डोंबिवलीत बिऱ्हाड थाटणारी नवी जोडपी काही आजची नाहीत. पूर्वेला उतरून फडके रोडने निघालात की गणपतीचे देऊळ लागते. या भागात भाडी चढी. मानपाडा रोडने लांब जावे तशी ती उतरत जातात. पण हुरळून जाऊ नका, बरं का! तिथून दोघांनाही रोज शेअर रिक्षा लागते. ते पैसे भाड्यात मिळवा, मगच घरांची तुलना करा.

घर पसंत पडले, की मालकांकडे विजेची जुनी बिले मागावीत. महावितरणचा स्थिर आकार दिवा न लावताही भरावाच लागतो आणि १०० युनिटांपुढे दर चढतो. सोसायटीचे मेंटेनन्स कोण भरणार, हे करारातच लिहून घ्यावे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी नि नोंदणी केलेला हवा.

मग दोघांनी वही घेऊन बसावे. भाडे, वीज, गॅस, रेल्वेचा पास, सगळे मांडावे. उद्या बाळाची चाहूल लागली आणि एक पगार थांबला, तर दुसऱ्यात एवढे भागेल का? भागत असेल, तर खुशाल किल्ली घ्या!