मुदत

नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियाच्या विमानांसाठी बोइंगने बांधून दिलेला दुरुस्ती-हँगर आहे. हँगरमधल्या कामाचा एक नियम मला फार पटतो. विमानाच्या काही भागांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं आणि ते संपलं की भाग धडधाकट दिसत असला तरी काढायचाच. युद्धासाठी सरकारच्या हाती दिलेल्या अधिकारांनाही अशीच मुदत हवी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे ती नव्हती. चीनच्या आक्रमणामुळे 26 ऑक्टोबर 1962 ला आणीबाणी लागली. महिन्याभरात चीनने युद्धबंदी केली, पण आणीबाणी उठली थेट 10 जानेवारी 1968 ला! त्या काळात भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथं त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या, एवढंच त्यांचं मागणं. राज्य सरकारने तेही नाकारलं. अणूची रचना समजावून सांगणाऱ्या पानांनी कुठली सीमा धोक्यात येणार होती? उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला, तरी सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 मध्ये तिथंही हरलं.

1971 ला तेच. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पण 3 डिसेंबरची आणीबाणी मार्च 1977 पर्यंत कायम. 1975 ची आणीबाणी तिच्याच डोक्यावर चढवली होती, हे आपण विसरूनच जातो. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने मग पाचर मारली: मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा.

अमेरिकेतही हेच: तिथल्या संसदेने इराकविरुद्ध दिलेली 2002 ची युद्धपरवानगी सद्दाम गेल्यावरही जिवंत राहिली. 2020 मध्ये इराणच्या कासिम सुलेमानींना मारताना तिचाच आधार दाखवला गेला. ती रद्द झाली डिसेंबर 2025 मध्ये, 1991 च्या आखाती युद्धाच्या परवानगीसोबत. 9/11 च्या हल्ल्यानंतर दिलेली 2001 ची अजून आहेच.

आपल्याकडे मात्र सैन्य पाठवायला संसदेचं मतदान लागतच नाही. 1962 मध्ये ऐन युद्धात वाजपेयींनी अधिवेशनाची मागणी केली आणि नेहरूंनी ते नोव्हेंबरात घेतलंही. तो नेहरूंचा मोठेपणा. कायद्याची सक्ती नव्हती. शत्रू दारात असताना संसदेची वाट पाहा, असं मी म्हणत नाही. पण लढाई सुरू झाल्यावर महिन्याभरात खासदारांनी हात वर करून हो किंवा नाही म्हणावं, आणि लढाई लांबली तर सहा महिन्यांनी पुन्हा म्हणावं. आणीबाणीसाठी हे आपण 1978 लाच केलं आहे.