कट्ट्यावरची मावशी

घर पाडल्यावर माणसाला भेटायचे कुठे? मावशीने टेलिफोनवरच निकाल दिला. "कट्ट्यावर ये. घर गेलं, कट्टा कुठं गेलाय?"

दादरला शिवाजी पार्कसमोरच्या तिमजली इमारतीत तिचा चाळीस वर्षे संसार झाला. तिथे आता टोलेजंग मनोरा उठतो आहे. तोवर मावशीचा मुक्काम बोरिवलीला. पण दर गुरुवारी लोकल पकडून स्वारी कट्ट्यावर हजर!

हा कट्टा म्हणजे मैदानाभोवतीची ठेंगणी भिंत. कुंपण म्हणावे, तर पोरे सहज ओलांडतात. बाक म्हणावा, तर लांबी जवळजवळ सव्वा किलोमीटर! १९२५ साली माहीम पार्क म्हणून हे मैदान खुले झाले आणि अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. मोकळेपणा हेच त्याचे वैभव. इथे आचार्य अत्र्यांच्या सभा गाजल्या, आचरेकर सरांच्या हाताखाली सचिन घडला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे इथल्याच मांडवांत विसावतात. शहर बदलले तशी मैदानाची कामे बदलली. बांबू आणि चुन्याच्या रेघा तेवढ्या येतात नि जातात. आम्हा शिकलेल्यांना मात्र रिकामी जागा दिसली, की तिथे कारंजे बसवल्याशिवाय चैन पडत नाही!

शेजारधर्म सोपा नव्हे. तांबड्या मातीची धूळ घरोघरी शिरते. कर्ण्यांनी तर मावशीचे कान किटले होते. २०१० साली उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला, तेव्हा तिने पेढे वाटले. (त्यानंतरही दसऱ्याची सभा ऐकायला ती खिडकीत खुर्ची टाकून बसे, ही घरातली गोष्ट.)

"नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर बाग देणार आहेत," ती म्हणाली. "फक्त रहिवाशांसाठी."

"मग छानच की!"

"छान कसलं? तिथं बाहेरचं कोण येणार? तेच तेच चेहरे बघत बसायचं?"

एवढ्यात एक चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला. पंच्याहत्तरीच्या मावशीने तो उचलून नेमका पोराच्या हातात फेकला. मग मला कोपराने ढोसत म्हणाली, "सरक जरा, या बायका केव्हाच्या उभ्या आहेत."