वाऱ्याची विचारपूस

एप्रिलातल्या दुपारी पुण्याची हवा 38 अंशांची असते. टर्बोने ती ओढून घेतली, दुप्पट दाबली, की बाहेर पडताना तीच हवा 130 अंशांच्या आसपास पोचलेली असते. पुढे इंटरकूलरच्या पातळ पापुद्र्यांमधून जाताना समोरचा वारा तिचा ताप उतरवतो आणि पन्नासच्या जवळ आणून सोडतो. मग थ्रॉटल, मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह, ठिणगी. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं संपतं. एवढ्या धावपळीत तिला मध्येच कुठेतरी गाठून विचारायचं असतं, किती तापलीस गं? नेमकं कुठे गाठायचं, हा प्रश्न मला ट्यून केलेल्या गाडीतल्या इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त मोह घालतो.

विचारणारा असतो एक इवलासा मणी. तापला की त्याचा विद्युतरोध घटतो. गाड्यांमध्ये सर्रास सापडणाऱ्या एका जातीच्या सेन्सरचा रोध 20 अंशांना अडीच हजार ओहम असतो, तोच 80 अंशांना सव्वातीनशेच्या आसपास येतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यावरून तापमान ओळखतो. मण्याची काही चूक नसते. त्याला जे लागतं ते तो प्रामाणिकपणे सांगतो. प्रश्न असतो तो त्याला काय लागतंय याचा. हवा, की शेजारचा तापलेला धातू?

माझ्या मित्राकडे पहिल्या पिढीची ऑक्टाविया आरएस आहे, 1.8 लिटर टर्बोची. त्या इंजिनात हा सेन्सर थ्रॉटलच्या पलीकडे, ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेला असतो. मूळ गाडीसाठी ती जागा योग्यच होती. आत येणाऱ्या हवेचं मोजमाप तिथे वेगळा सेन्सर करायचा, आणि सगळे तक्ते याच जागेच्या हिशोबाने बांधलेले होते. मित्राने वेगळा ईसीयू घातला, टर्बोचा दाब वाढवला, आणि सगळी भिस्त मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान या दोनच आकड्यांवर आली. तेव्हा त्या जागेचा खरा स्वभाव कळला.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलं की लॅपटॉपवर तो आकडा चढायला लागायचा. पंचेचाळीस, पंचावन्न, सत्तर. बाहेरची हवा तीच होती. बोनेटखाली मात्र ॲल्युमिनियमचा गोळा सिलिंडर हेडला चिकटून तापत होता आणि पितळी टोपीतला सेन्सर त्याच्या आट्यांमधून ती धग पिऊन घेत होता. नाका सुटला, पाय दाबला, ताज्या हवेचा लोंढा आत आला, तरी आकडा आपला सावकाश उतरतोय.

इथे वायूचा साधा नियम आडवा येतो. दाब तोच असेल तर जितकी गरम हवा तितकी ती विरळ, आणि हिशोब केल्विनमध्ये करायचा. 40 अंश म्हणजे 313, 70 म्हणजे 343. म्हणजे आत खरी हवा 40 अंशांची असताना ईसीयूला 70 दिसले, तर तो जवळजवळ नऊ टक्के हवा कमी धरतो आणि पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. भरल्या दाबाखाली मिश्रण लीन होणं म्हणजे काय, हे ज्याने पिस्टनची वितळलेली कड हातात घेऊन पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही. उलट टोक गाठून सेन्सर टर्बोच्या आधी, एअर फिल्टरपाशी लावला, तर तो नुसतं गावाचं हवामान सांगतो. टर्बोने दिलेला ताप त्याच्या गावीही नसतो. इंजिन नॉक करायला लागलं तरी तो आपला 38च म्हणत राहणार. या दोन्हींपैकी ही दुसरी चूक मला जास्त घातक वाटते.

वेधशाळेच्या आवारात तिरक्या पट्ट्यांची पांढरी पेटी असते, तिची मला इथे हटकून आठवण होते. थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याची ती रचना. तापमापकाला ऊन लागू नये, जमिनीची धग लागू नये, वारा मात्र खेळता राहावा. उत्तर गोलार्धात तिचं दारही उत्तरेकडे ठेवतात. त्याच पेटीत ओलं फडकं गुंडाळलेला दुसरा तापमापक असतो, आणि तो बाष्पीभवनामुळे सहसा कमी दाखवतो. पाणी आणि मिथेनॉलचा फवारा बसवलेल्या गाडीत सेन्सर फवाऱ्याच्या पुढे ठेवला, तर त्याचाही असाच ओला तापमापक होतो. तो फवाऱ्याच्या आधीच हवा.

मग आमच्या गाडीची जागा ठरली: इंटरकूलरच्या पुढची थंड नळी, थ्रॉटलच्या वीतभर आधी. मध्ये सिलिकॉनचा होज असल्यामुळे इंजिनची धग धातूतून सरकत येत नाही. आर्गन वेल्डिंग करणाऱ्या काकांनी अडीच इंची पाइप हातात फिरवला.

"वरून घ्यायचं की खालून, दादा?"

"वरूनच घ्या, काका. खाली तेल साचतं."

त्यांनी जुन्या होजच्या तळाशी बोट फिरवून पाहिलं. बोट काळं, ओशट निघालं. क्रँककेसमधून येणारी ती वाफ मण्यावर बसली की तो मंदावतो. काकांनी भोक पाडलं, आटे पाडलेली बुश बसवून चहूबाजूंनी वेल्ड केली आणि आतली कड कानशीने इतकी गुळगुळीत केली की बोट कुठे अडेना. ॲल्युमिनियमचा एक कीस सुटला तरी तो थेट सिलिंडरमध्ये जाणार. सेन्सर घेतला तो प्लास्टिकच्या अंगाचा, उघड्या टोकाचा, मणी नळीच्या मध्यावर येईल असा. तिसऱ्या गिअरमधली धाव काही सेकंदांत संपते. पितळी टोपीतल्या सेन्सरला तोपर्यंत बातमीच पोचत नाही.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. गाडी रांगेत धुगधुगत असते तेव्हा थोडीशीच हवा हळूहळू सरकते आणि मॅनिफोल्डच्या भिंतीला घासून खरोखरच तापते. जुना आकडा त्या वेळी निखालस खोटा नव्हता, पण नवा त्या वेळी थोडा थंड सांगतो. म्हणून चांगल्या ईसीयूत हवेचं आणि कूलंटचं तापमान हवेच्या ओघानुसार मिसळायचा तक्ता असतो. ओघ कमी तर कूलंटचा वाटा जास्त, ओघ वाढला की हवेचा. हा तक्ता भरणं मला फार आवडतं. त्यात घाई चालत नाही. इग्निशन मागे घ्यायचा तक्ताही नव्याने लिहावा लागतो, कारण जुने आकडे गरम जागेचे होते.

हे सगळं झाल्यावर गाडी खंबाटकीच्या घाटात नेली. नाक्यावर आकडा हवेपेक्षा जरा वर राहिला आणि गाडी सुटताच झटकन उतरला. मिश्रण जागेवर. पण वळणामागून वळण चढताना तो प्रत्येक धावेला थोडा वर जाऊन थांबू लागला, आणि माथ्यावर पोचेपर्यंत साठ ओलांडून गेला. आता हा ताप हवेचाच होता. बंपरच्या कोपऱ्यातला छोटा इंटरकूलर मूळ दाबाला पुरत होता, या दाबाला पुरत नव्हता. मित्राने गाडी बाजूला घेतली आणि मी बंपरच्या जाळीमागे किती जागा मिळेल ते टेपने मोजायला घेतलं.