माझं पहिलं वेल्डिंग मशीन

जालन्याच्या माणसाला लोखंडाचं वेड असलं तर नवल ते काय? भंगार वितळवून सळया करणारं आमचं गाव. मी पडलो कीबोर्ड बडवणारा! लोखंड बडवायची हुक्की आली ती तिशी जवळ आल्यावर. बेत असा: घरामागे छोटी भट्टी, एका जाड ठोकळ्याची ऐरण, तिला अँगलचा स्टँड, आणि ट्रकच्या जुन्या पाट्यातून ठोकून काढलेली सुरी.

पुण्यात बसून चार रात्री स्पेसिफिकेशन्स वाचली. २०० अँपिअर की २५०? मिग की साधं रॉडचं? एक्सेल शीटसुद्धा केली (हसू नका). शनिवारी घरी गेल्यावर ती ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांना दाखवली. चहाचा घोट घेत ते म्हणाले, "घरी संध्याकाळी व्होल्टेज किती येतंय रे?"

शीटमध्ये तो कॉलमच नव्हता!

मल्टिमीटर लावला. १८०. मग गणित मांडलं. अडीच एमएमच्या रॉडला ८० अँपिअर पुरतात. तेवढ्यासाठी साधं इन्व्हर्टर मशीन २३० व्होल्टला साधारण १४-१५ अँपिअर ओढतं, पण १८० ला तेच १८ च्या आसपास. आमचा मोठा प्लग १६ चा. म्हणजे खोक्यावरचा २०० चा आकडा आमच्या घरात शोभेचाच. मिग तर अंगणातच बाद, वाऱ्याने गॅस उडून जातो. शेवटी रॉडचंच घेतलं, कमी व्होल्टेजला चालणारं. त्याच्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि एमसीबी टाकून घेतला. आणि हो, पाट्याला वेल्ड मारायचा नाही, काकांनी बजावलंय. कार्बन जास्त, गार होताना तडकतो.

खरी अडचण होती बाबांची. चौथीत असताना मी वेल्डिंगच्या दुकानासमोर उभा राहून तासभर ती निळी ठिणगी बघितली होती. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. आजी बटाट्याच्या चकत्या ठेवत होती आणि बाबा सकाळपर्यंत माझ्या उशाशी. तेव्हापासून वेल्डिंग म्हटलं की त्यांचं एकच, "डोळे घालवशील." आर्कमधले अतिनील किरण डोळ्याचा वरचा पडदा भाजतात, हे मला आत्ता वाचून कळलं. त्यांना तेव्हाच कळलं होतं.

म्हणून मशीनच्या आधी मास्क आणले. एक नाही, दोन.

रविवारी पहिला रॉड चिकटला. दुसराही. बाबा लांब उभे, मास्क लावून. तिसऱ्याला आर्क पेटला आणि मागून आवाज आला,

"अरे, यातून सगळं दिसतंय की! सरक जरा."