टायरमधलं हिरवं पाणी



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज एक चूक सांगायची आहे, माझीच.

आम्ही दोघं सांगलीहून कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला निघालो होतो. वाटेत पुढच्या टायरची हवा उतरली. जवळच पंक्चरचं दुकान होतं. मालक चहाला गेलेले, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कामाला बसला. त्याने चाक काढलं, जमिनीवर टाकलं आणि व्हॉल्व्हची पिन फिरवली. फस्सकन हिरवा चिकट द्रव उडाला, थेट त्याच्या डोळ्यांत!

चार महिन्यांपूर्वी मुलाने त्या टायरमध्ये सीलंटची बाटली भरली होती. छोटं भोक पडलं तर ते आतून बुजवणारं औषध. ह्यांच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं. पण गाडीच्या कामात आपण काय बोलायचं, म्हणून मी सावलीत गप्प बसून राहिले.

मी पळत गेले. दर्शनासाठी गाळून, उकळून घेतलेलं सगळं पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतलं. ते संपल्यावर दुकानाच्या नळाखाली पंधरा मिनिटं डोळे धुतले, मग डॉक्टरांकडे नेलं. नशीब, डोळे वाचले. तो मात्र मलाच म्हणाला, “काकू, रडू नका.”

मालक आल्यावर त्यांनी काम कसं करायचं ते दाखवलं. चाक उभं धरून व्हॉल्व्ह अगदी वर आणला आणि पाच मिनिटं थांबले, म्हणजे द्रव खाली उतरतो. तोंड बाजूला ठेवून, व्हॉल्व्हवर फडकं धरून हवा हळूहळू सोडली. सगळी हवा गेल्यावरच पिन काढली. मग टायर आडवा ठेवून वरची एकच कड रिमपासून सोडवली. खालची तशीच राहिल्याने द्रव परातीत साचावा तसा आत राहिला. तो डब्यात काढून घेतला. टायर आणि रिम ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले, कारण ओल्या रबरावर ठिगळ धरत नाही.

शेजारी एकजण बिडी ओढत होता, त्याला आधी लांब पाठवलं. दाबाच्या डब्यातून भरायच्या काही सीलंटमध्ये पेट घेणारा वायू असतो म्हणे.

डब्यातला द्रव गटारात ओतू दिला नाही. काही सीलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आपण पाणी गाळून पिणाऱ्या बायका. एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं.

मी बी.कॉम. झालेली. खात्यातलं देणं दडवलं तर पुढच्याचं नुकसान होतं, हे कॉलेजात शिकले. टायरमधलं सीलंट हेही तसंच देणं. मी खोटं बोलले नाही, फक्त बोलले नाही. आपल्यात ह्यालाच प्रमाद म्हणतात ना?

त्या दिवशी दर्शनाला पोचायला संध्याकाळ झाली. घरी आल्यावर मी एका चिठ्ठीवर ‘टायरमध्ये सीलंट आहे, आधी सांगणे’ असं लिहून ती गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटावर चिकटवली. तुमच्या गाडीत भरलंय का? आजच घरात विचारा. आणि पंक्चरवाल्यासमोर गप्प बसू नका.