वस्तीला

सांगलीच्या गावभागात आमचा वाडा होता. दगडी जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब, पुढे सोपा, आत माजघर, वर माडी आणि मागे परडं. या वाड्यात शेवटपर्यंत राहिली ती माझी काकू. काका गेले, मुलं पुण्याला स्थिरावली, तरी ती हलली नाही. "घराला कुलूप लागलं की वाळवीला आवतण गेलं म्हणून समज," असं मला म्हणायची.

त्या वाड्याला परक्या माणसाची सवय होती. विलिंग्डन कॉलेजात शिकायला आलेली तासगावकडची मुलं एकेकाळी आमच्या माडीवर राहायची. कधी नाटक मंडळींपैकी कुणी उतरायचं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला तो याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. अशा गावात, प्रयोगाला आलेल्या नटाला घरी जेवू घालणं हा मान समजला जाई. काकूच्या सासूबाईंपासून माडीवर एक गादी आणि एक तांब्या-भांडं वस्तीला येणाऱ्या माणसाचं म्हणून वेगळं ठेवलेलं असे. पुढे गावात लॉज झाले, मुलांसाठी वसतिगृहं झाली, वस्तीला येणारे थांबले. काकू मात्र दर दिवाळीच्या आधी त्या गादीची खोळ धुऊन घालायची. कुणी येवो, न येवो.

कृष्णेचं पाणी गावभागाला नवं नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. २००५ साली ते ५३ फुटांपलीकडे गेलं होतं, तेव्हाही वाडा तगला. ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्याने ५७ फूट ओलांडले. काकूला बोटीतून बाहेर काढलं. पूर ओसरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा माजघराच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, पट्टीने आखल्यासारखी मातकट रेघ होती. रेघेखालची माती फुगून सुटत होती, रेघेवरचा चुना जसाच्या तसा. देवाच्या कोनाड्यात गाळ बसला होता आणि त्या गाळात निरांजन उभंच्या उभं रुतलं होतं. जुन्या कामाची माहिती असलेल्या गवंड्याने खांब ठोकून पाहिले. तो म्हणाला, "लाकूड खणखणीत आहे. खालचा थर काढून भिंती परत भरता येतील. माडीला धक्का नाही."

वाडा पडला तो त्यानंतर. प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं होती. दुरुस्तीला पैसे घालायचे कुणी आणि राहायचं कुणी, या दोन प्रश्नांना कुणाकडेच उत्तर नव्हतं. बिल्डरकडे मात्र दोन्हींचं उत्तर तयार होतं. सह्या झाल्या. जुनं लाकूड घेणारा व्यापारी आला, त्याने खांबांवर खडूने आकडे घातले. दारांचा भाव वेगळा, तुळयांचा वेगळा. माडीचा नक्षीचा कठडा कुठे गेला ते आम्हाला कळलंही नाही.

काकू विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे ती फार टिकली नाही. तिच्यामागे आवराआवर करताना पलंगाखाली ती गादी मिळाली. खोळ धुतलेली होती.

गेल्या हिवाळ्यात आंबोलीचा घाट उतरून आम्ही सावंतवाडीला गेलो आणि तिथल्या राजवाड्यात वस्तीला राहिलो. मोती तलावाकाठचा हा लाल चिऱ्यांचा वाडा, १७५५ ते १८०३ अशी दीर्घ कारकीर्द लाभलेल्या तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. राजघराणं अजून तिथेच नांदतं आणि वाड्याच्या एका भागात अलीकडे त्यांनी मोजक्या खोल्यांचं देखणं हॉटेल केलं आहे. खोल्यांची सजावट गंजिफा या जुन्या खेळाच्या रंगवलेल्या पत्त्यांवरून घेतलेली. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या सुमारास पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही विझत आलेली कला समजून घेतली आणि वाड्यातच कारागीर बसवले. आजही दरबार हॉलमध्ये ते काम चालतं. मी तिथे बराच वेळ उभी होते. चिंचोक्याच्या खळीचा लेप दिलेल्या वाटोळ्या पत्त्यावर एक ताई मत्स्यावताराचे खवले काढत होत्या. मनगट स्थिर, हलत होती ती फक्त बोटं. दशावतारी गंजिफ्याचे असे एकशेवीस पत्ते असतात.

रात्री खोलीत झोप लागेना. जाड भिंतीतली ती खोल खिडकी, जुन्या लाकडाचा वास, सारं ओळखीचं होतं. काकू आयुष्यभर कशाची राखण करत होती ते मला तिथे नीट उमगलं. वस्तीला येणारा माणूस हा वाड्याचा खरा राखणदार असतो. त्याच्यासाठी रोज खिडक्या उघडाव्या लागतात, केर निघतो, वारा खेळतो. कौल सरकलं तर त्याच रात्री कळतं, कारण खाली कुणीतरी झोपलेलं असतं. रिकाम्या घरात ते कळायला वर्ष जातं आणि तोवर तुळई कुजते.

माझं सासर साताऱ्याचं, तिथेही हेच दिसतं. राजवाड्यावरून रोजची ये-जा. छत्रपती प्रतापसिंहांची ही वास्तू. १८४८ साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं, पण वास्तूतला राबता थांबला नाही. कोर्टकचेरी आली, शाळा आली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं ते इथल्याच शाळेत. न्यायालयं नव्या जागी गेली आणि त्या दालनांची कळा उतरत गेली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट पाहायला 'स्वदेस' सिनेमानंतर लोक येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात.

प्रत्येक वाड्याचं हॉटेल होणार नाही, व्हायलाही नको. पण वाई, सातारा, मिरज, सांगलीत अजून कितीतरी माड्या धडधाकट उभ्या आहेत आणि त्यांच्या कागदांवर आमच्यासारखीच खंडीभर नावं आहेत. तुमचंही नाव अशा एखाद्या उताऱ्यावर असेल तर सही करण्याआधी एकदा सगळ्या भावंडांनी मिळून त्या माडीवर झोपा. जुन्या कामाचा गवंडी बोलवा, खांब ठोकून घ्या. नदीकाठी असाल तर पुराची रेघ बघून खालचा मजला मोकळा ठेवा आणि वर दोन खोल्या पाहुण्यांसाठी लावा. पुराने ओली झालेली भिंत पुन्हा भरता येते. सह्या झालेला वाडा परत येत नाही.