पेढीवरचे मौन

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की पथाऱ्या लाल होतात. ओली मिरची उन्हात पसरायची, वाळली की देठ खुडायचे, प्रत लावायची, पोती भरायची. यातले बहुतेक काम स्त्रियांच्या हातांनी होते. ठसक्याने डोळे भरून येतात, बोटांची आग रात्रीपर्यंत शमत नाही. तोंडावर पदर बांधून दिवसभर बसणाऱ्या या स्त्रियांची नावे पेढीच्या वहीत असतात, पण चेहरे फारसे कोणाला ठाऊक नसतात.

अशाच एका पथारीचे हिशेब घरातील धाकटी सून लिहीत असे. देठ खुडण्याची मजुरी किलोवर ठरलेली होती. एका संध्याकाळी वही मिळवताना तिला एक गोष्ट खटकली. जिचा हात सर्वांत चपळ, तिचेच वजन दहा-बारा दिवसांपासून घटत होते. शेजारी बसणाऱ्या बायकांचे आकडे मात्र नेहमीसारखेच होते. पुढच्या आठवड्यात त्या नावापुढे नुसती रेघ आली. ती कामावर येईनाशी झाली होती.

सुनेने चौकशी केली तेव्हा इतर बायका मान खाली घालून देठ खुडत राहिल्या. अखेर एक वयस्क मजूर स्त्री घराच्या मागच्या दारी आली आणि दबक्या आवाजात बोलली. वजनकाट्यावर बसणारा मुकादम टोपली घेण्याच्या निमित्ताने त्या बाईचा हात धरीत असे. सगळ्या गेल्यावर पोती मोजायला थांब, असेही त्याने तिला दोनदा बजावले होते. ती थांबली नाही. त्या दिवसापासून तिच्या टोपलीचे वजन कमी लिहिले जाऊ लागले.

सुनेने हे सासऱ्यांच्या कानावर घातले. ते धर्मनिष्ठ गृहस्थ. रोज सामायिक करणारे, सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुकादम वीस वर्षांचा जुना माणूस आहे. हंगाम ऐन भरात आहे. गवगवा झाला तर पेढीचे नाव जाईल. आणि ती स्वतः कुठे काही बोलली?"

या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, पिढ्यान्पिढ्यांची सवय होती. पुरुषप्रधान समाजाची घडणच अशी, की अब्रू बाईची जाते, नाव पेढीचे जाते आणि ज्याने हात धरला त्याचे काहीच जात नाही. ती बोलणार तरी कोणापाशी? काटा त्याच्या हाती, उद्याचे काम त्याच्या शब्दावर. आणि घरी कळले तर तिचेच बाहेर पडणे बंद होण्याची भीती.

या जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता त्या काळी, १९७२ साली, तेथे भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते त्याच मातीतले. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. परंतु मोर्चांत स्त्रिया पुढे आल्या आणि प्रश्नांचा आवाका वाढला. त्यांनी गावातील दारूचे अड्डे फोडले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. मजुरीचा आणि मानाचा प्रश्न वेगळा नाही, हे त्या निरक्षर स्त्रियांना उमगले होते.

कायद्याला तेथवर येण्यास पुष्कळ वर्षे लागली. राजस्थानातील भंवरी देवी ही शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत होती. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या प्रकरणातून स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. त्याचे कायद्यात रूपांतर व्हायला २०१३ साल उजाडले.

सुनेने तो कायदा वाचून काढला. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे अंतर्गत समिती हवीच. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. रोजंदारीची, हंगामी, ठेकेदाराने आणलेली मजूर स्त्रीही यात मोजली जाते. दहापेक्षा कमी माणसांचे दुकान असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणारी स्त्रीही तिच्याकडे जाऊ शकते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत द्यायची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायची. पेढीच्या भिंतीवर बाजार समितीचा परवाना होता, दुकानाची नोंदणी होती. या समितीचा कागद मात्र नव्हता.

पण सासऱ्यांना कायद्याने हलवले नाही. सुनेने त्यांना एकच विचारले, "बाबूजी, चंदनबालेला बेड्या कोणाच्या घरात पडल्या?"

एका श्रेष्ठीच्याच घरात. त्याच्या मनात पाप नव्हते. तो तिला मुलगी मानत होता. तरीही त्याच्या छपराखाली संशय आला तो तिच्यावर आणि शिक्षाही झाली तिलाच. परतल्यावर मात्र घराण्याचे नाव जाईल, असे म्हणून त्याने दार बंद ठेवले नाही. बेड्या तोडण्यासाठी लोहार आणायला तो स्वतः धावला. श्रावकाला कृत आणि कारित यांबरोबर अनुमोदनाचाही दोष लागतो, हे सासरे आयुष्यभर ऐकत आले होते. मालकाचे मौन हेही अनुमोदनच, हे त्यांना त्या रात्री प्रथम जाणवले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला काट्यावरून उठवण्यात आले. समिती नेमली गेली. पेढीत लेखनाचे काम करणारी एक प्रौढ स्त्री तिची अध्यक्ष झाली आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी एक बाहेरची सदस्य घेतली गेली. मग आणखी दोघींनी तोंड उघडले. त्यांना लिहिता येत नव्हते. अध्यक्षबाईंनी तक्रार लिहून घेतली. तशी मदत करणे कायद्याने त्यांचे कर्तव्यच आहे. चौकशीत दोष सिद्ध झाला आणि वीस वर्षांच्या जुन्या माणसाची नोकरी संपली. पेढीचे नाव गेले नाही.

परंतु जिच्यामुळे हे सारे उघडकीस आले, ती तोवर कुटुंबासह ऊसतोडीला गुजरातेत निघून गेली होती. तिच्या घटलेल्या वजनाचे पैसे हिशेब करून पाकिटात ठेवले गेले.

पुढे संवत्सरी आली. प्रतिक्रमण झाले, आप्तेष्टांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून झाले. दुसऱ्या दिवशी सासरे सुनेला बरोबर घेऊन त्या बाईच्या वस्तीवर गेले. पाकीट तिच्या हाती देऊन, हात जोडून त्यांनी साध्या शब्दांत सांगितले, "बाई, आमच्या काट्यावर तुझ्यावर अन्याय झाला आणि आम्ही तिकडे पाहिले नाही. क्षमा कर."

तिने पैसे मोजून घेतले. हंगामाला येईन की नाही, हे ती बोलली नाही. त्यांनीही विचारले नाही.